किटली कोणाच्या ताब्यात?

आजवरच्या आयुष्यात एकही वस्तू न हरवलेला माणूस सबंध बेळगावात एकच आहे, आणि तो म्हणजे आमचे भावोजी. भावोजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, तुमच्या मावशीआजीचे, यजमान. इरा आणि कबीर, तुम्ही ज्यांना 'चिठ्ठीवाले आजोबा' म्हणता ते हेच. वस्तू हरवते यावर त्यांचा मुळी विश्वासच नाही. "हरवत काही नसतंय आक्का," ते मला सांगतात, "ताबा बदलतोय." त्यांनी चौतीस वर्षं एका कोर्टात मुद्देमाल कारकून म्हणून नोकरी केली. कोणत्या कोर्टात ते मी लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्याच्या जागी पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तू. खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्या कोर्टाच्या एका खोलीत राहतात, आणि त्या खोलीची किल्ली भावोजींच्या कमरेला असे. कोयते, सायकली, चोरीचे हंडे, फाटके सदरे, आणि एकदा एक जिवंत कोंबडा. कोंबडा ताब्यात असतानाच वारला, तेव्हा भावोजींनी त्याची पिसं कागदात बांधून, वर लाखेचं सील मारून, निकाल लागेपर्यंत जपली. कोंबड्याचा मालक खटला जिंकला आणि त्याला ती पिसं सही घेऊन देण्यात आली.

निवृत्तीबरोबर किल्ली गेली, पण खाक्या गेला नाही. त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला सुतळीने बांधलेली एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर वस्तूचं वर्णन, कोठून आली आणि कोणाच्या ताब्यात आहे हे लिहिलेलं असतं. मी एकदा बहिणीकडून पुरणयंत्र आणलं. संध्याकाळी भावोजी चपला घालून आमच्या दारात उभे. "पुरणयंत्र एक, पितळी, दांडा किंचित वाकडा, जाळ्या दोन. बरोबर आहे न्हवं? इथं सही करा." मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हजारो प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या, पण पुरणयंत्रासाठी केलेली ती पहिलीच. कोणाकडे जेवायला गेले तर ते आपली छत्री कोपऱ्यात ठेवण्याआधी यजमानांना दाखवतात. बँकेत दोरीला बांधलेलं पेन त्यांना फार आवडतं. एवढी एकच संस्था सुधारलेली आहे असं त्यांचं मत आहे.

निपाणीच्या लग्नातला प्रसंग तुमच्या आईने तुम्हाला सांगितला असेल, पण ती तेव्हा लहान होती आणि तिने तो अर्धाच पाहिला. आमच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. रीतीप्रमाणे नवरीच्या बहिणींनी नवरदेवाचे जोडे पळवले आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या पोत्यामागे लपवले. नवरदेव मोज्यांवर उभा राहिला, मुली तोंडाला पदर लावून हसू लागल्या, घासाघीस सुरू होणार एवढ्यात भावोजी उठले. त्यांनी कोणालाही काही विचारलं नाही. मांडवातल्या सतरंजीवरचे तांदळाचे दोन दाणे पाहिले, स्वयंपाकघराकडे पाहिलं, आणि पाच मिनिटांत जोडे आणून नवरदेवापुढे ठेवले. "ओळखा," म्हणाले. नवरदेवाने ओळखले. "घाला." नवरदेवाने घातले. मुली रडायला लागल्या. माझी बहीण कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, ती रीत असती की!" भावोजींनी शांतपणे विचारलं, "मालकाची परवानगी होती काय?" त्यानंतर त्या घरातल्या कुठल्याही लग्नाला आम्हाला पत्रिका आली, पण भावोजींना मुहूर्त संपल्यानंतरची वेळ कळवण्यात आली.

अशा माणसासमोर तुम्ही तो सिनेमा लावलात.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. तुम्ही दोघं सुट्टीला आला होतात, बाहेर ऊन होतं, आणि तुम्ही टीव्हीवर तो चित्रांचा सिनेमा पाहत होतात: एक लहान मुलगी घर सोडून निघते, बोटीतून, आगगाडीतून, बर्फातून जाते, आणि प्रत्येक ठिकाणी कुठेतरी एक निळी किटली दिसते. तिच्याबद्दल सिनेमात कोणी एक शब्द बोलत नाही. भावोजी पाच वाजताच्या चहाला आले होते. कार्टून म्हणजे वेळेचा अपव्यय असं म्हणत ते पाठ करून बसले. मग कप ठेवायला वळले आणि तसेच राहिले.

"थांबव बाळ. ही किटली मघाशी बोटीवर होती. इथं कशी आली?"

"ते सिंबॉल आहे आजोबा," कबीर म्हणाला.

"असू दे की. पण आणली कुणी?"

इराने समजावलं की किटली म्हणजे घर. कबीर म्हणाला, घर नाही, आई. तुमचं भांडण लागलं आणि मला बरं वाटलं, कारण माझा तो विषय. मी तुम्हाला अर्धा तास प्रतीक म्हणजे काय ते सांगितलं. कबीर त्यात झोपला. भावोजी मात्र लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आक्का, तुमचं म्हणणं असं की वस्तू इथं आहे पण ती दुसऱ्याच कशाबद्दल तरी साक्ष द्यायला लागलीय." मी म्हटलं, अगदी बरोबर. "मग आधी वस्तूची साक्ष नीट नोंदवायला नको?" असं म्हणून त्यांनी सिनेमा पुढे चालू करायला सांगितला. शेवट मात्र त्यांनी पुरा होऊ दिला नाही. शेवटच्या दृश्यात ती किटली एका बंद घराच्या खिडकीत असते, मुलगी रस्त्यावरून जाते, तिच्याकडे बघते आणि पुढे निघून जाते. तेवढं दिसताच भावोजींनी रिमोट मागून घेतला आणि टीव्ही बंद केला.

आता त्यांनी असं का केलं ते सांगायला हवं. भावोजींच्या स्वतःच्या कपाटात, मधल्या फळीवर, एक किटली होती. निळी नाही, साधी अॅल्युमिनियमची, डाव्या कुशीला मोठा पोचा आलेली, तोटीत चिंधी कोंबून वर लाखेचं सील मारलेली. घरातल्या सगळ्या वस्तू त्यांच्या मालकीच्या. ही तेवढी नव्हती.

जांबोटीच्या रस्त्याला एका फाट्यावर एक बाई चहाची टपरी चालवत असे. एकदा तिथे दोन गिऱ्हाइकांची बाचाबाची झाली. आधी चहा कोणाला, एवढंच कारण. एकाने चुलीवरची किटली उचलून दुसऱ्याच्या डोक्यात घातली. पोलीस आले, पंचनामा झाला, मारणारा आत गेला, मार खाणारा दवाखान्यात गेला आणि किटली, हत्यार म्हणून, भावोजींच्या खोलीत आली. बाईचा कोणताच गुन्हा नव्हता. ती पुढच्या महिन्यात कोर्टात आली आणि किटली मागू लागली. भावोजींनी नियम सांगितला: अर्ज द्या, साहेब हुकूम करतील, मग मिळेल. बाईला लिहिता येत नव्हतं. मुद्देमाल कारकुनाने पक्षकाराचा अर्ज लिहू नये, असं भावोजींच्या पहिल्या साहेबांनी त्यांना बजावलं होतं आणि भावोजींनी ते धरून ठेवलं. बाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारे बसत, पण त्यांना द्यायचे पैसे ती चहा विकून मिळवणार, आणि चहा विकायला किटली हवी. ती दीड वर्ष, दर महिन्याला, येत राहिली. दर महिन्याला भावोजी म्हणाले, "अर्ज आणा." मग ती यायची थांबली.

खटला अकरा वर्षं चालला. साक्षीदारांनी काहीच पाहिलं नव्हतं, आरोपी सुटला, आणि बिनवारशी मुद्देमालाच्या लिलावाचा हुकूम झाला. कोर्टाच्या माणसाला लिलावात भाग घेता येत नाही, म्हणून भावोजींनी तुमच्या आजोबांना पाठवलं. तुमचे आजोबा उभ्या आयुष्यात भाजीवालीशीसुद्धा घासाघीस न केलेले. एका भंगारवाल्याशी चढाओढ करून ते किटली घेऊन आले आणि दोन दिवस आपण कोणाचं तरी नुकसान केलं म्हणून हळहळले. त्या दिवसापासून ती मधल्या फळीवर होती. "मालक सापडला की द्यायची," भावोजी म्हणत. "पत्ता न्हाय ना तिचा." बावीस वर्षं आम्ही हे ऐकलं आणि खरं मानलं.

या वर्षी, इरा, तुझा फोन आला. शाळेत निबंध द्यायचा होता: एखाद्या सिनेमात पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तूचा अर्थ. तू तीच निळी किटली निवडलीस. मी तुला दोन पानं टिपणं पाठवली, मुद्दे क्रमाने घालून, समासात तारखेसकट. घर, ऊब, आठवण असं सगळं होतं त्यात. ती पाठवण्याआधी मी चहाच्या वेळी भावोजींना वाचून दाखवली, ही माझी चूक.

"हा सगळा ऐकीव पुरावा झाला," ते म्हणाले. "पोरीला खरं काय ते कळाया पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज साडेपाचला लांब वही घेऊन येऊ लागले. सात संध्याकाळी तोच सिनेमा. वहीत रकाने आखले होते: अनुक्रम, वस्तू कोठे दिसली, कोणाच्या ताब्यात, अवस्था, आणि शेवटचा रकाना, विल्हेवाट. दर पाच मिनिटांनी ते "थांबवा" म्हणत आणि मी थांबवत असे. किटली एकूण अकरा वेळा येते. नऊ वेळा तिच्या टोपणाचा टवका डाव्या बाजूला आहे, दोन वेळा उजव्या. हे आढळलं त्या संध्याकाळी भावोजींनी चहा घेतला नाही. "अदलाबदल झाली आहे," ते म्हणाले. "किटल्या दोन हायत." माझी बहीण भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "त्या दोन टायमाला ती पाण्यात दिसत होती काय ओ?" त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. एकदा पाण्यात होती, एकदा काचेत. "मग सावली उलटी दिसणार न्हवं?" बहीण म्हणाली. भावोजींनी वहीत लिहिलं: किटली एकच. बहिणीचं नाव त्यांनी नोंदीत घातलं नाही.

सातव्या संध्याकाळी त्यांनी मला निष्कर्ष वाचून दाखवला. दहा वेळा किटली दहा वेगळ्या माणसांकडे आहे, अकराव्यांदा बंद घराच्या खिडकीत. नावाडी तिच्यात पाणी तापवतो, गार्ड तिच्यातून चहा ओततो, बर्फातली म्हातारी ती उशाला घेऊन झोपते. सगळे वापरतात. ही कोणाची, असं दहांपैकी एकानेही विचारलेलं नाही. शेवटचा रकाना सगळीकडे मोकळा. "आणि ती पोरगी," ते म्हणाले, "तिला सगळं माहीत हाय. किटली तिनं अकरा वेळा बघितलीय. खिडकीपर्यंत येती आणि दार न वाजवता जाती. का जाती?"

मी म्हटलं, "भावोजी, तिला ते घर आठवतं, पण परत जाता येत नाही. तेच तर त्यातलं कारुण्य आहे."

"कारुण्य कसलं त्यात? दोन पावलांवर दार हाय."

माझ्या बहिणीने निवडलेली भाजी बाजूला सारली. "तुमच्या कपाटातल्या किटलीचं दार किती पावलांवर हाय ओ?"

"तिचा पत्ता न्हाय."

"पत्ता हाय," बहीण म्हणाली. "समन्सावर होता, तुम्ही तवाच वहीत उतरून घेतलाय, ती वही माझ्या लुगड्यांच्या खाली हाय. पत्ता हाय. तोंड न्हाय."

तेवढ्यात तुझा फोन आला. मी तो त्यांच्यासमोर धरला. तू विचारलंस, "चिठ्ठीवाले आजोबा, मग किटली शेवटी कुणाची?" तुला वाटलं असेल की आवाज येत नाही म्हणून फोन बंद झाला. आवाज येत होता. ते उत्तर देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते दारात उभे. कोट, टोपी, हातात कापडी पिशवी. "आक्का, जांबोटीची गाडी आठला हाय. ताबा देताना दोन पंच लागतात. एक तुम्ही, एक ही." ही म्हणजे बहीण, ती मागे चिवड्याचा डबा घेऊन उभी होती. मी पंच म्हणून यापूर्वी कधी गेले नव्हते. स्वच्छ पातळ नेसले आणि चष्म्याची दुसरी जोडी बरोबर घेतली.

गाडीत भावोजींनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. कंडक्टर म्हणाला, "आण्णा, वर ठेवा की ओ, काय सोनं हाय काय?" भावोजी म्हणाले, "दुसऱ्याचं हाय." फाट्यावर उतरलो. टपरीच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. तिथून भाताच्या खाचरांच्या बांधावरून दोन मैल चालायचं होतं. भावोजींचा गुडघा तुम्हाला माहीत आहे. दर शंभर पावलांनी ते थांबत आणि आम्हाला देखावा दाखवत. चौथ्यांदा थांबले तेव्हा देखाव्यात फक्त एक म्हैस होती. "ती तिथं नसली तर? परत जाऊया," ते म्हणाले. बहीण म्हणाली, "ती दीड वर्ष चालली की ओ ह्याच वाटंनं." मग ते थांबले नाहीत.

ती होती. अंगणात सुपात तांदूळ पाखडत बसली होती, वाळकी, ताठ, कपाळावर मोठं गोंदण. सून आतून डोकावली. भावोजींनी टोपी काढली, पुन्हा घातली, पिशवीतून किटली काढून तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "ओळखा."

म्हातारीने किटलीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "किटली हाय न्हवं. इकाया आलाईसा काय? आमास्नी नगं बा, गॅस हाय, पातेली हाईत."

"इकायची न्हाय. नीट बघा."

तिने सूप खाली ठेवलं. किटली उचलली, फिरवली, आणि पोच्यावर अंगठा ठेवून थांबली. मग तिला हसू आलं. "आगं बया! ह्यो त्या थोरल्याच्या डोसक्याचा पोचा!" सुनेला हाक मारून म्हणाली, "बघ गं, तुज्या आज्याच्या डोसक्याचा!" सुनेचा आजा म्हणजे किटलीचा मार खाल्लेला माणूस. ज्याने मारलं त्याची मुलगी पुढे मार खाणाऱ्याच्याच मुलाला दिली, आणि ही सून त्यांची लेक. कोर्टात अकरा वर्षं येता-जाता दोघांची ओळख वाढली होती, आणि सोयरिकीचं बोलणंही कोर्टाच्या बाकावरच झालं. भावोजींनी हे सगळं फार गंभीरपणे ऐकून घेतलं. त्यांच्या खोलीत हत्यार सीलबंद होतं आणि बाहेर आरोपी नि फिर्यादी हुंड्यावर बोलत होते.

हसता हसता म्हातारी भावोजींच्या तोंडाकडे पाहू लागली. हसणं हळूहळू संपलं.

"तू त्यो आण्णा," ती म्हणाली. "अर्ज आण म्हननारा."

भावोजी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं तसे उभे राहिले. "व्हय," म्हणाले.

"किटली गेली, मग पातेल्यात चा केला. निवतंय ओ पातेल्यात. गिऱ्हाईक पलीकडच्याकडं ग्येलं. टपरी मोडली. मग रोजगारानं भात लावाया ग्येले." हे तिने तांदळाच्या भावाबद्दल सांगावं तसं सांगितलं. "लई वरीस राग हुता तुजा. आता राग बी म्हातारा झालाय."

माझी बहीण कौलांकडे पाहत होती. मी पंच होते, मला बोलण्याचा अधिकार आहे की नाही हे माहीत नव्हतं.

"मग आता अर्ज लागत न्हाय व्हय?" म्हातारीने विचारलं.

"लागतोय," भावोजी म्हणाले. त्यांनी उंबऱ्यावर बसकण मारली, गुडघा दोन्ही हातांनी सरळ केला, आणि कोटाच्या आतल्या खिशातून कोरा कागद काढला. "मी लिहितो. तवा मी लिहायला पाहिजे होता. सांगा तुम्ही."

"मला काय येतंय सांगाया?"

"जे झालं ते सांगा. कन्नडात लिहू की मराठीत?"

"किटलीला काय कळतंय? लिव कशात बी."

त्यांनी मराठीत लिहिलं. दुसऱ्याच्या नावाने लिहिलेला त्यांचा हा आयुष्यातला पहिला अर्ज. अर्जदार अमुक, धंदा चहाची टपरी. वस्तू एक, किटली, डाव्या बाजूस पोचा. म्हातारी सांगू लागली आणि मग थांबेना. "त्यात लिव, बांधावनं यित हुते म्हून. पोराला पाटीशी घिऊन यित हुते, त्ये बी लिव. एकदा पावसात गाडी चुकली, रातभर फाट्यावर बसले, त्ये लिव." भावोजी लिहीत राहिले. कागद भरला तसा उलटा केला. विनंती, असं लिहून त्यांनी विचारलं, "मागणी काय लिहू?"

"किटली दे म्हून लिव. आनि काय?"

भावोजींनी खिशातून शाईची डबी काढली आणि तिच्या अंगठ्यासाठी उघडून धरली. म्हातारीने डबीकडे पाहिलं. "अंगठा कशाला? सही येतीया मला. बचत गटाची अध्यक्ष हुते धा वरीस." तिने पेन घेतलं आणि एकेक अक्षर पेरावं तसं सावकाश आपलं नाव लिहिलं. भावोजींनी डबी मिटून खिशात घातली. मग अर्ज स्वतःच्या हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, खाली 'मंजूर' असं लिहिलं, तारीख घातली, आणि किटली दोन्ही हातांनी तिला दिली. असा हुकूम करण्याचा त्यांना कसलाही अधिकार नव्हता. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तिने लगेच सुनेला चूल पेटवायला सांगितली. तोटीतलं सील भावोजींनी चाकूने खरवडून काढलं, पण सगळं निघालं नाही. राखेने घासलेल्या त्या किटलीत चहा झाला. चहाला लाखेचा वास होता. सगळ्यांनी दोन-दोन कप घेतले.

परत आल्यावर तुझा पुन्हा फोन आला, इरा, आणि मी तुला हकिगत सांगितली. तू म्हणालीस, "आज्जी, तुम्ही सिनेमा शेवटपर्यंत कधी बघितलाच नाही का? नावं संपेपर्यंत थांबायचं असतं." आम्ही कोणीच थांबलो नव्हतो, नावं सुरू झाली की आपल्याकडे लोक चपला शोधतात. त्या संध्याकाळी भावोजींनी सिनेमा लावायला सांगितला आणि सगळी नावं, एकूण एक, मान देऊन पाहिली. नावं संपली, पडदा काळा झाला, आणि मग तीच खिडकी पुन्हा दिसली. तीच किटली. माणूस कोणी नाही. फक्त तोटीतून बारीक वाफ येत होती.

भावोजी चष्मा काढून पुढे सरकले. "पाणी तापलंय," म्हणाले. "म्हणजे आत कोणतरी हाय." वही उघडून त्यांनी अकराच्या खाली बारावी नोंद केली, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: मालक घरी. प्रतीकांबद्दल मी तीस वर्षं शिकवलं. यात घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तू निबंधात काय लिहिलंस ते तू मला अजून कळवलेलं नाहीस.

आता त्यांच्या कपाटाची मधली फळी रिकामी होती. माझ्या बहिणीने तिथे लोणच्याच्या बरण्या ठेवायचं ठरवलं होतं. चार दिवसांनी मी गेले तर बरण्या खालीच होत्या. फळीवर कबीरचा पिवळा रेनकोट होता, इराची एक केसांची पिन, अर्धी रंगवलेली चित्रांची वही आणि डाव्या पायाचा एक मोजा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही निघालात त्या दिवशी माझ्या घरातून त्यांनी हे सगळं गोळा केलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. मी मोजा शोधत होते. सही करून घ्यायला ते विसरले असावेत. प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधली आहे. रेनकोटच्या चिठ्ठीवर अवस्थेच्या पुढे लिहिलंय: 'उत्तम. मालकास आखूड झाला असण्याचा संभव.'

भावोजी हल्ली जिना चढताना कठड्याला धरून दोनदा थांबतात, आणि चहा पिताना रोज विचारतात, "पोरं कवा येणार म्हणालीत?" मी म्हणते, बघू. काल जाताना म्हणाले, "आक्का, त्यांना लिहा. पोस्टानं पाठवता येत न्हाय म्हणावं. मुद्देमाल हाय, मालकानं स्वतः यायला लागतंय." दारात थांबले, टोपी नीट केली, आणि म्हणाले, "अर्ज लागत न्हाय, हे पण लिहा."